अमेरिकेची पहिली आंतरखंडीय रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जतला गाडीच्या मागे घाटात रेटा देणारी बँकर इंजिनं लागेपर्यंत खिडकीतून वडापाव घेतलेल्या माणसाला घाट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेबद्दल मला जे प्रश्न येतात, ते बहुतेक अशाच माणसांचे असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

ही गोष्ट सहसा शेवटच्या सोन्याच्या खिळ्यापासून सांगतात. मी ती एका दरापासून सांगते : मैलामागे किती डॉलर. या रेल्वेतली घाई, वळणं, घोटाळे आणि माणसांचे झालेले हाल समजून घ्यायचे असतील, तर तो दर सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

पहिली आंतरखंडीय रेल्वे म्हणजे नेमकी कोणती?

नेब्रास्कातल्या ओमाहापासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंतची १,७७६ मैलांची, म्हणजे सुमारे २,८५० किलोमीटरची एकेरी लाइन. दोन कंपन्यांनी ती दोन टोकांकडून बांधत आणली. पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिकने ६९० मैल, पूर्वेकडून युनियन पॅसिफिकने १,०८६ मैल. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी समिट इथे दोन्ही रूळ जुळले.

मिसुरी नदीच्या पूर्वेला रेल्वेचं जाळं आधीपासून होतं. नवं काम होतं ते त्या नदीपासून पॅसिफिकच्या बाजूला.

एवढा खटाटोप कशासाठी?

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८५० मध्ये ते राज्य झालं. पण तिथे पोचणं म्हणजे दिव्य होतं. बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर चार ते सहा महिने, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाजाने जवळपास तेवढेच, किंवा पनामाच्या चिंचोळ्या पट्टीतून महिनाभरात, पण पिवळ्या तापाचा धोका पत्करून.

रेल्वे हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं मार्गाचं. दक्षिणेतल्या गुलामधारक राज्यांना तो दक्षिणेतून हवा होता, उत्तरेला उत्तरेतून. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचे सदस्य संसद सोडून गेले, आणि वर्षानुवर्षं अडलेला निर्णय सुटला. अब्राहम लिंकन यांनी १ जुलै १८६२ रोजी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली, तीही लढाई ऐन भरात असताना.

पैसा कोणी दिला?

बराचसा सरकारने, कर्जरोख्यांच्या रूपात. हे अनुदान नव्हतं, तीस वर्षांनी फेडायचं कर्ज होतं. दर असा होता : सपाट जमिनीवर मैलाला १६,००० डॉलर, मधल्या पठारी भागात ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. त्यावर जमीन. लाइनच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैलाचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे पाडून एक सोडून एक कंपनीला दिले. १८६४ च्या दुरुस्तीनंतर मैलामागे असे २० तुकडे, म्हणजे १२,८०० एकर जमीन मिळू लागली.

आता हा दर काय करतो ते बघा. डोंगर सुरू झाला की पैसे तिप्पट होतात, मग डोंगर सुरू कुठे होतो? कॅलिफोर्नियाचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांनी मातीच्या रंगावरून निर्वाळा दिला की सिएरा नेवाडा डोंगररांगेचा पायथा आर्केड क्रीकपाशी, सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर आहे. तिथे उभं राहिलं तर दिसते ती सपाट शेतजमीन. लिंकन यांनी हे मत मान्य केलं आणि सेंट्रल पॅसिफिकला सपाटीवर डोंगराचा भाव मिळू लागला.

पूर्वेकडे ओमाहाबाहेर अभियंता पीटर डे यांनी सरळ मार्ग आखला होता. युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष थॉमस ड्युरंट यांनी त्यात वळसा घालून नऊ मैल वाढवले. डे यांनी राजीनामा दिला. एका प्रामाणिक माणसाचा हा निषेध इतिहासात फारसा कोणी आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

आपल्याकडेही त्याच काळात रेल्वे येत होती. पैशाची पद्धत तीच होती का?

नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला, म्हणजे आपल्या जीआयपीला, गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला नाही तरी ते व्याज हिंदुस्थानच्या महसुलातून दिलं जाई. त्यामुळे इथे खर्चाला आळा घालायची कंपनीला घाई नव्हती. काम भक्कम झालं आणि महागही.

अमेरिकेत पैसे मिळत ते मैल पुरे केल्यावर. त्यामुळे तिथे जोर होता वेगावर आणि लांबीवर. आधी कसेतरी रूळ टाका, पैसे उचला, मग सावकाश दुरुस्त करा. १८६८-६९ च्या हिवाळ्यात युनियन पॅसिफिकने गोठलेल्या जमिनीवर, काही ठिकाणी तर बर्फावरच स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, टाकले. वसंतात बर्फ वितळलं तशी लाइनही खचली.

कल्पना मुळात कोणाची?

स्वप्नं पुष्कळांनी पाहिली, पण सिएरा नेवाडातून मार्ग शोधून काढला तो थिओडोर ज्युडा या अभियंत्याने. डॉनर खिंडीतून एका लांब डोंगरसोंडेवरून हळूहळू चढत जाता येईल, हे त्यांनी स्वतः डोंगर पालथे घालून दाखवून दिलं. मग सॅक्रामेंटोतल्या चार व्यापाऱ्यांना त्यांनी राजी केलं. किराणा मालाचे लीलंड स्टॅनफर्ड, लोखंडी सामानाचे कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स, कापडाचे चार्ल्स क्रॉकर. पुढे हे 'बिग फोर' म्हणून ओळखले गेले.

ज्युडांचं आणि त्यांचं पटलं नाही. या चौघांचा हिस्सा विकत घेईल असा कोणी भांडवलदार शोधायला ज्युडा ऑक्टोबर १८६३ मध्ये न्यूयॉर्कला निघाले. रेल्वे नव्हतीच, त्यामुळे पनामामार्गे. वाटेत पिवळ्या तापाने गाठलं आणि २ नोव्हेंबरला ते न्यूयॉर्कमध्ये गेले. वय ३७. सॅक्रामेंटोत पहिला रूळ पडून तेव्हा आठवडाच झाला होता.

काम एवढं रेंगाळलं का? १८६३ ला सुरू होऊन १८६५ पर्यंत फारसं काहीच नाही?

युद्ध. लोखंड, दारूगोळा, माणसं सगळं तिकडे जात होतं. युनियन पॅसिफिकने भूमिपूजन डिसेंबर १८६३ मध्ये केलं, पण रूळ पडायला जुलै १८६५ उजाडला. सेंट्रल पॅसिफिकची अडचण आणखी वेगळी होती. कायद्याप्रमाणे रूळ अमेरिकेतच बनलेले हवेत आणि कारखाने सगळे पूर्वेला. म्हणजे प्रत्येक रूळ, प्रत्येक खिळा, प्रत्येक इंजिन जहाजात घालून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्नचा वळसा घेऊन कित्येक महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला आणायचं, आणि तिथून नदीने सॅक्रामेंटोला.

चिनी कामगार तिथे कसे पोचले?

दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले लोक सोन्याच्या शोधात १८५० पासूनच कॅलिफोर्नियात येत होते. सेंट्रल पॅसिफिकला गोरे मजूर टिकत नव्हते. पगार घेऊन ते नेवाडाच्या चांदीच्या खाणींकडे पळत. १८६५ च्या सुरुवातीला क्रॉकर यांनी पन्नासेक चिनी माणसं कामाला लावून पाहिली. कामावरचा साहेब जेम्स स्ट्रोब्रिज याचा विरोध होता, एवढ्याशा अंगकाठीच्या माणसांना हे जमणार नाही असं त्याचं म्हणणं. महिन्याभरात त्याचं मत बदललं. पुढे थेट ग्वांगडाँगहून जहाजं भरून माणसं आली. काम ऐन भरात असताना दहा-बारा हजार चिनी मजूर होते, म्हणजे दहातले आठ-नऊ.

त्यांच्या टोळ्या असत. टोळीला एक मुकादम, एक आचारी. भात, सुकी मासळी, सुके कालव, मश्रूम, बांबूचे कोंब, डुकराचं मांस, आणि दिवसभर चहा. उकळलेला चहा पिपांत भरून कामावर पोचवला जाई. पाणी उकळलेलं असल्यामुळे, ओढ्याचं पाणी थेट पिणाऱ्या गोऱ्या मजुरांपेक्षा यांच्यात जुलाब-हगवण कमी.

पगार महिन्याला सुरुवातीला तीस डॉलरच्या आत, नंतर तीसच्या आसपास. गोऱ्यांना तेवढा किंवा जास्त, शिवाय जेवण आणि राहणं कंपनीचं. चिन्यांनी जेवण आपल्या पगारातून करायचं. मस्टरवर त्यांची एकेकाची नावंही नाहीत. मुकादमाचं किंवा ठेकेदाराचं नाव, त्यापुढे माणसांची संख्या आणि रक्कम. दहा हजार माणसांनी डोंगर फोडला आणि त्यांना नावानिशी ओळखायची सोय त्या हिशेबाने ठेवलीच नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

डोंगर फोडला म्हणजे नेमकं कसं? यंत्रं होती का?

नव्हती म्हटलं तरी चालेल. सिएरात १५ बोगदे काढले. त्यातला सर्वांत अवघड समिट टनेल, सहावा क्रमांक, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर, १,६५९ फूट लांब, अख्खा ग्रॅनाइटमध्ये.

तीन माणसांची जोडणी असे. एकजण पोलादी पहार कातळाला टेकवून धरणार, दोघे आळीपाळीने तिच्या डोक्यावर घण घालणार. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. कंदिलाच्या उजेडात, दगडाच्या धुळीत, घण पहारेऐवजी मनगटावर बसणार नाही या भरवशावर. भोक पुरेसं खोल झालं की त्यात काळी सुरुंगाची दारू ठासायची, वात लावायची, पळायचं. मग धूर ओसरला की दगड उचलायचे. रात्रंदिवस पाळ्या. एवढं करून दिवसाला एका तोंडाकडून फूटभर प्रगती, कधी त्याहूनही कमी.

म्हणून मधोमध वरून विहिरीसारखा उभा शाफ्ट खणला, म्हणजे दोन बाहेरची आणि दोन आतली अशा चार तोंडांवर एकाच वेळी काम करता येईल. दगड वर ओढायला एका जुन्या रेल्वे इंजिनाचं वाफयंत्र बैलांनी डोंगरावर चढवलं. १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन वापरायला सुरुवात झाली. आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा भीषण स्फोट होऊन माणसं दगावली होती आणि वाहतुकीवर बंदी आली होती, म्हणून जेम्स हाउडन नावाचे रसायनतज्ज्ञ ते बोगद्याजवळच तयार करत. त्याने वेग जवळपास दुप्पट झाला. ऑगस्ट १८६७ मध्ये दोन्हीकडचे भेटले तेव्हा रेषेतली चूक जेमतेम दोन इंच होती. वळणदार बोगदा, चार तोंडं, आणि दोन इंच! हे सॅम्युअल माँटेग्यू, लुइस क्लेमंट या अभियंत्यांचं श्रेय आहे आणि घण घालणाऱ्यांचंही.

आणि बर्फ?

१८६६-६७ च्या हिवाळ्यात ४४ वादळं झाली. बोगद्याच्या तोंडापर्यंत बर्फातून भुयारं खणून माणसं ये-जा करत, तिथेच राहत. हिमकडे कोसळून राहुट्यांसकट माणसं गाडली गेली. काहींचे देह वसंतात बर्फ वितळल्यावर मिळाले.

बोगदा पुरा व्हायची वाट न पाहता त्याच हिवाळ्यात तीन इंजिनं, ४० डबे आणि ४० मैलांचे रूळ घसरगाड्यांवर बांधून, बैल जुंपून डोंगरापलीकडे ट्रकी गावाला नेले. म्हणजे पलीकडेही काम चालू राहील आणि मैल मोजले जातील.

पुढे लाइन बर्फात बुडू नये म्हणून सुमारे ३७ मैल लाकडी छपरं घातली. प्रवासी कंटाळत, कारण देखावा दिसतच नसे.

सिएरातल्या 'केप हॉर्न' याच नावाच्या कड्यावर चिनी मजुरांना टोपल्यांत बसवून सोडलं होतं, हे खरं का?

टोपल्यांचा उल्लेख त्या काळच्या अभियंत्यांच्या कागदांत किंवा बातम्यांत नाही. ती गोष्ट पुष्कळ नंतर रूढ झाली. दोर बांधून माणसं उतरवली जात, एवढं धरून चालावं. कड्यावर दोराला लोंबकळून सुरुंग लावणं पुरेसं जिवावरचं आहे, त्याला टोपलीची जोड लागत नाही.

त्यांनी कधी विरोध केला नाही?

केला. जून १८६७ च्या अखेरीस सिएरातल्या हजारो चिनी मजुरांनी एकाच दिवशी काम थांबवलं. मागण्या : महिन्याला ४० डॉलर, बाहेर दहा तासांचा दिवस, बोगद्यात त्याहून कमी. कुठे दंगा नाही, दगडफेक नाही. माणसं आपापल्या तळावर शांत बसून राहिली. एवढ्या पसरलेल्या छावण्यांत हे ठरवून घडवणं सोपं नव्हतं.

क्रॉकर यांनी रसद तोडली. डोंगरात अन्न पोचवणारी गाडी कंपनीचीच होती. आठवड्याभरात उपासमारीने संप मोडला.

किती माणसं मेली?

कंपनीने चिनी मृतांची मोजदाद ठेवली नाही. १८७० मध्ये सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली की सुमारे २०,००० पौंड अस्थी गाडीने आल्या आणि त्या बाराशेएक माणसांच्या असाव्यात. त्याच वेळच्या दुसऱ्या बातमीत आकडा बराच लहान आहे. अस्थी मायदेशी नेऊन पुरायची त्यांची रीत होती, म्हणून सोबत्यांनी लाइनच्या कडेने थडगी शोधून त्या गोळा केल्या.

पूर्वेकडच्या बाजूला कोण राबत होतं?

बरेचसे आयरिश. शिवाय यादवी युद्धातून सुटलेले दोन्ही बाजूंचे सैनिक, गुलामीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय, आणि युटात मॉर्मन पंथाचे लोक. मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉज हे स्वतः सेनापती होते. रूळ टाकायचं काम जॅक आणि डॅन केसमेंट या भावांकडे होतं आणि ते कवायतीसारखं चाले. घोडागाडी रूळ घेऊन पुढे येई, माणसं एका हाकेसरशी तो ओढून धावत जागेवर नेत, दुसऱ्या हाकेसरशी खाली ठेवत. एका रुळाला दहा खिळे, एका खिळ्याला तीन घाव. राहायला तीन मजली बाकांचे डबे, स्वयंपाकाचा डबा, सोबत गुरांचा कळप. सगळा संसार रुळांबरोबर पुढे सरके.

त्यामागून दारूचे आणि जुगाराचे तंबूही सरकत. ज्युल्सबर्ग, शायेन, लॅरमी ही अशीच उभी राहिलेली गावं. शायेन पुढे वायोमिंगची राजधानी झालं. बेंटनसारखी काही गावं तीन महिन्यांत नामशेष झाली.

ही जमीन कोणाची होती?

मूळ रहिवाशांच्या टोळ्यांची. मैदानी प्रदेशात लकोटा, शायेन, अरापाहो, पॉनी. पुढे शोशोनी आणि पायूट. १८६२ च्या कायद्यातच कलम आहे की मार्गात येणाऱ्या जमिनींवरचे मूळ रहिवाशांचे हक्क सरकार शक्य तितक्या लवकर संपुष्टात आणेल. जी जमीन मैलाच्या हिशेबाने कंपन्यांना वाटली, ती अशी मोकळी करून दिली जाणार होती.

म्हणून 'रेल्वेवर हल्ले झाले' हे वाक्य एकट्याने वाचू नये. नोव्हेंबर १८६४ मध्ये सँड क्रीकला सैन्याने शायेन आणि अरापाहोंची छावणी कापून काढली. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. ऑगस्ट १८६७ मध्ये प्लम क्रीकला शायेनांनी रूळ उखडून मालगाडी पाडली, ती या पार्श्वभूमीवर. दुसरीकडे पॉनी लोकांचं लकोटांशी जुनं वैर, म्हणून पॉनी तरुण लष्कराच्या तुकडीत भरती होऊन लाइनचं रक्षण करत होते. सगळ्या टोळ्यांना एका रंगात रंगवलं की ही गुंतागुंत हातातून निसटते.

खरा घाव नंतर बसला. लाइनने रानगव्यांचा, बायसनचा, कळप उत्तर-दक्षिण असा दुभंगला. १८७० नंतर कातड्यांचे व्यापारी रेल्वेने आले आणि रेल्वेनेच कातडी पाठवू लागले. १८८३ च्या सुमारास मैदानं रिकामी झाली होती. ज्यांचं अन्न, वस्त्र आणि घर बायसनवर होतं, त्यांच्यापुढे सरकारी शिध्याच्या रांगेखेरीज काही उरलं नाही.

दोन्ही कंपन्या एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या, हे कसं शक्य आहे?

कायद्यात भेटायची जागाच ठरवली नव्हती! मैलाला पैसे आहेत, मग थांबायचं कोणी? युटात दोघींच्या भराव टाकणाऱ्या टोळ्या एकमेकींना समांतर, काही ठिकाणी हाकेच्या अंतरावरून, उलट दिशेने दोनशेहून अधिक मैल काम करत गेल्या. शेवटी एप्रिल १८६९ मध्ये संसदेने जागा नेमून दिली.

एका दिवसात दहा मैल रूळ टाकल्याचा विक्रम खरा आहे?

खरा आहे. २८ एप्रिल १८६९, सेंट्रल पॅसिफिक, १० मैल ५६ फूट, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. क्रॉकर यांनी मुद्दाम वाट पाहिली. युनियन पॅसिफिककडे दहा मैलांहून कमी जागा उरली, तेव्हाच हा डाव टाकला, म्हणजे उत्तर द्यायला जागाच नको. सुमारे ३,५२० रूळ आठ आयरिश माणसांनी हाताळले. त्या आठांची नावं नोंदलेली आहेत. त्या दिवशी स्लीपर, खिळे आणि खडीवर हजारो चिनी हात होते.

सोन्याच्या खिळ्याचं काय झालं?

समारंभ खरं तर ८ मे रोजी ठरला होता आणि खिळ्यावर तीच तारीख कोरली आहे. ड्युरंट यांची गाडी वायोमिंगमध्ये पगार थकलेल्या मजुरांनी अडवून ठेवली, म्हणून दोन दिवस उशीर झाला. सोनं मऊ, त्यामुळे लॉरेलच्या लाकडाच्या चकचकीत स्लीपरला आधीच भोक पाडून ठेवलं होतं. खिळा त्यात नुसता ठेवला, हलकेच टोकला, आणि लगेच काढून घेतला. मग साधा स्लीपर, साधा लोखंडी खिळा, आणि तारयंत्रावरून देशभर एकच शब्द : 'झालं'. तो खिळा आता स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

शेवटचा रूळ चिनी मजुरांच्या टोळीने आणून ठेवला. अँड्र्यू रसेल यांनी काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात दोन इंजिनं समोरासमोर आहेत, बाटल्या उंचावलेल्या आहेत, आणि चिनी चेहरे जवळपास नाहीतच.

म्हणजे त्या दिवसापासून गाडी थेट न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ लागली?

नाही. ओमाहाजवळ मिसुरीवर पूल नव्हता, तो १८७२ मध्ये झाला. तोवर उतरून नदी होडीने ओलांडायची. पश्चिमेला लाइन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठापर्यंत पोचायला १८६९ चा पावसाळा उलटला. पण प्रवास महिन्यांवरून आठवड्यावर आला, हे निर्विवाद.

घोटाळा झाला होता ना?

मोठा. ड्युरंट आणि साथीदारांनी क्रेडिट मोबिलिये नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली. रेल्वेचे मालक म्हणून ठेका द्यायचा आणि ठेकेदार म्हणून फुगवलेली बिलं घ्यायची. संसद सदस्य ओक्स एम्स यांनी या कंपनीचे शेअर सहकाऱ्यांना स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' वृत्तपत्राने ते उघड केलं आणि पुढच्या वर्षी एम्स यांच्यावर सभागृहाने ठपका ठेवला. पश्चिमेकडच्या चौघांचीही अशीच घरची ठेकेदार कंपनी होती, पण चौकशीच्या वेळी तिच्या हिशेबाच्या वह्या मिळाल्याच नाहीत.

घाट चढायला अवघड कोणता, सिएरा की आपला भोर घाट?

चढण आपली तीव्र. सेंट्रल पॅसिफिकची कमाल चढण मैलाला ११६ फूट, म्हणजे साधारण ४५ फुटांत एक. भोर घाटात ती ३७ फुटांत एक होती आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तो घाट २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. त्या वेळी सॅक्रामेंटोत एकही रूळ पडला नव्हता. उंची आणि बर्फ मात्र सिएराचं. भोर घाटात पावसाळा आणि पटकीने माणसं नेली, आणि त्या मजुरांचीही नावं आपल्याला माहीत नाहीत.

या रेल्वेचा आपल्याशी थेट संबंध आला का?

दोन ठिकाणी सांगता येतो. यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा शेअर बाजार कोसळला, आणि तिकडे त्याच शांततेमुळे रेल्वेला माणसं मिळाली.

दुसरा संबंध पंडिता रमाबाईंचा. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकाभर रेल्वेने फिरल्या, १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या आणि तिथूनच जपानमार्गे निघून १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेल्या या बाईने महिन्याभरात शारदा सदन सुरू केलं. १८६९ ची ही रेल्वे, त्याच वर्षीचा सुवेझ कालवा आणि १८७० मध्ये जोडला गेलेला मुंबई-कलकत्ता मार्ग, यांमुळे जग फिरणं महिन्यांच्या हिशेबात आलं होतं.

पुढे अशा आणखी किती झाल्या?

दक्षिणेतून एक मार्ग १८८१ मध्ये न्यू मेक्सिकोत डेमिंगला जुळला, सदर्न पॅसिफिक न्यू ऑर्लीन्सपर्यंत १८८३ मध्ये, नॉर्दर्न पॅसिफिक त्याच वर्षी. ग्रेट नॉर्दर्न १८९३ मध्ये, आणि तो जेम्स हिल यांनी बहुतांशी सरकारी जमिनीशिवाय बांधला. त्याच वर्षीच्या मंदीत युनियन पॅसिफिक आणि नॉर्दर्न पॅसिफिक दिवाळखोरीत गेल्या, ग्रेट नॉर्दर्न टिकली.

रेल्वेने घड्याळं बदलली म्हणतात, ते काय?

आधी प्रत्येक गावाची वेळ सूर्याप्रमाणे आणि प्रत्येक कंपनीची वेळ वेगळी. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कंपन्यांनी आपसांत ठरवून ठरावीक पट्ट्यांची वेळ लागू केली. सरकारी कायदा १९१८ मध्ये आला.

काम संपल्यावर चिनी मजुरांचं काय झालं?

बरेचजण दुसऱ्या लाइनींवर गेले, काही शेतीत, काही खाणीत. १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घातली. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला, युनियन पॅसिफिकच्या कोळसा खाणींच्या गावात, गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्ती पेटवली आणि किमान २८ जणांना ठार मारलं. त्या गावापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा सतराच वर्षं झाली होती.

आज तिथे गेलं तर काय बघावं?

शिकागोहून निघणारी कॅलिफोर्निया झेफर गाडी अजून डॉनर खिंड ओलांडते. प्रॉमन्टरीवरून मुख्य लाइन १९०४ मध्ये हलली आणि जुने रूळ १९४२ मध्ये युद्धासाठी काढून नेले, पण राष्ट्रीय उद्यानात दोन्ही इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती आहेत. जवळच दोन कंपन्यांचे समांतर भराव गवतातून स्पष्ट दिसतात.

वेळ एकाच जागेसाठी असेल तर समिट टनेलला जावं. १९९३ मध्ये तिथले रूळ काढले, आता आतून चालता येतं. बाहेर 'चायना वॉल' ही दरी भरून काढणारी भिंत आहे, चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवलेली, सव्वाशे वर्षं आगगाड्यांखाली आणि दीडशेहून अधिक वर्षं बर्फाखाली उभी. आत बॅटरी घेऊन जावं. भिंतीवर अर्ध्या नळीसारख्या खाचा दिसतात, बोट आत बसेल एवढ्या. पहारेने पाडलेल्या भोकांची ती उरलेली अर्धी बाजू.